मारी उंडरला निर्वासनाने गप्प केलं का?

रानजाई

एस्टोनियन कवयित्री मारी उंडर (१८८३–१९८०). १९१७ साली पहिला संग्रह, 'सोनेटिड'. बाईने शरीरसुखावर उघड सुनीतं लिहिली म्हणून राजधानी टालिनमध्ये गदारोळ झाला आणि पुस्तकही जोरात खपलं. 'सिउरू' या कवींच्या टोळक्यात तिला 'राजकन्या' म्हणत. १९४२ पर्यंत दहाच्या वर संग्रह आले. सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा एस्टोनियात शिरत असताना ती नवरा आर्तुर आदसनसोबत बोटीने स्वीडनला पळाली. आधी निर्वासित छावणी, मग स्टॉकहोमच्या उपनगरात घर. पुढे ३६ वर्षं जगली आणि नवे संग्रह फक्त दोन: १९५४ आणि १९६३.

माझं मत सरळ आहे. निर्वासनाने एक मोठी कवयित्री संपवली. 'परदेशात राहून भाषेची ज्योत तेवत ठेवली' वगैरे वाचलं की मला चीड येते. ज्योत कसली, पोटापाण्यासाठी ती १९५७ पर्यंत ड्रॉटनिंगहोल्मच्या नाट्यसंग्रहालयात कागदपत्रं लावत होती.

तळटीप

रानजाई, असहमत. संग्रहांच्या तारखा नीट मांडून बघा.

१९१७ ते १९२३ मध्ये पाच संग्रह. १९२७ ते १९३० मध्ये चार. त्यानंतर थेट १९३५, मग थेट १९४२. म्हणजे वेग मायदेशातच मंदावला होता, आणि तोही १९३० च्या दशकातल्या स्वतंत्र एस्टोनियात, घरदार शाबूत असताना. वय वाढलं, लेखन सावकाश झालं. सगळं खापर १९४४ वर कशाला?

सूरही आधीच बदलला होता. १४ जून १९४१ च्या रात्री सोव्हिएत सत्तेने एस्टोनियातली दहा हजारांच्या आसपास माणसं घरातून उचलून गुरांच्या डब्यांतून सैबेरियाकडे धाडली. त्या वर्षीच्या नाताळात उंडरने या बेपत्ता लोकांना उद्देशून कविता लिहिली. १९४२ च्या संग्रहाचं नावच 'चिंतेने भरलेल्या ओठांनी' अशा अर्थाचं आहे. शोक तिच्यासोबत बोटीत चढला, स्वीडनमध्ये भेटला नाही.

बोरकूट

तळटीप +१. शिवाय निर्वासनच मारक असेल तर एस्टोनियन लेखक बर्नार्ड कांग्रोचं काय? त्याच लाटेत स्वीडनला आला. १९५० पासून लुंडमधून लेखकांची सहकारी प्रकाशनसंस्था आणि 'तुलिमुल्द' नियतकालिक चालवलं, वर स्वतः ढिगाने कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. कवी काल्यु लेपिकचा तर पहिला संग्रहच १९४६ चा, स्वीडनमधला.

रानजाई

बोरकूट, कांग्रो तेव्हा ३४ चा, लेपिक चोविशीच्या आसपास. उंडर ६१ ची! त्या वयात मुळासकट उपटलेलं झाड आणि कोवळं रोप यांत फरक नको?

आणि वाचक? किनाऱ्यापलीकडे, सोव्हिएत ताब्यातल्या एस्टोनियात, तिची नवी पुस्तकं उघडपणे मिळत नव्हती. इकडे वाचणारे तिच्यासारखेच विखुरलेले. त्यात धास्ती. जानेवारी १९४६ मध्ये स्वीडनने जर्मनीच्या बाजूने लढलेल्या बाल्टिक सैनिकांना सोव्हिएतांच्या हवाली केलं. कित्येक एस्टोनियन घाबरून जुनाट बोटींतून अटलांटिक ओलांडून कॅनडाला गेले. अशा वातावरणात कोणाला लिहायला सुचेल?

तळटीप

सुचलं की. तुम्ही दोन संग्रह 'फक्त' म्हणून मोजता, मी ते वाचायला सांगतो. १९५४ च्या 'सेदेमेद तुहास'मध्ये, म्हणजे राखेतल्या ठिणग्यांत, सुरुवातीच्या सुनीतांमधला दागिन्यांचा सोस नाही. माझ्या मते ती सुनीतं आज जरा जास्तच गोड लागतात. गदारोळ झाला म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतो.

खलबत्ता

अवांतर: नोबेलसाठी तिचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, मिळालं कधीच नाही. २०१६ मध्ये तिचे अवशेष स्टॉकहोमहून टालिनच्या राहुमाए स्मशानभूमीत नेले. मेल्यावर घरी न्यायचं आणि कौतुक करायचं, हे सगळीकडे सारखंच दिसतंय.

रानजाई

खलबत्ता, १९८० मध्ये नेणार कुठे? देश सोव्हिएत ताब्यातून १९९१ ला सुटला.

तळटीप, सुनीतांबद्दल अजिबात मान्य नाही. १९१७ साली एका बाईने ते लिहिणं म्हणजे काय हे लक्षात घेतलंत, तर 'गोड' म्हणणार नाही. १९३० नंतर वेग कमी झाला, हे तारखांवरून खरं दिसतं. पण कमी वेगाने लिहिणारी कवयित्री मायदेशी राहिली असती तर...

तळटीप

...तर सैबेरियात गेली असती. किंवा स्टालिनची स्तोत्रं लिहिली असती. तुलना करायचीच तर त्या पर्यायांशी करा, १९२८ च्या टालिनशी नको.