गाझातली घरं पुन्हा बांधायची, तर मातीची का नकोत?

मातीकाम: गाझात ५ कोटी टनांहून जास्त राडारोडा पडलाय, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज. सिमेंट आत सोडायचं की नाही, हे इस्रायल ठरवतं. मग हाताशी आहे त्यातूनच बांधा ना! दिवास्वप्न नाही हे. २००८-०९च्या युद्धानंतर सिमेंट अडलं, तेव्हा यूएनआरडब्ल्यूएने (पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने) तिथे दाबलेल्या मातीच्या विटांची घरं बांधली. पोरं गाढवगाड्यांवर पडक्या इमारतींची खडी गोळा करून ब्लॉकवाल्यांना विकत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्टने तर राडारोडा वापरात आणायला कंपनीच काढली होती. वर मातीची भिंत उन्हाळ्यात गार राहते.

औसेकर: ‘उन्हाळ्यात गार’चं कौतुक आम्हाला नका सांगू. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारीत माळवदं बसली. डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, खाली मातीत रचलेले दगड. हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हापासून आमच्याकडे गरिबातला गरीबही आधी स्लॅब मागतो. आणि मृत समुद्राची भ्रंशरेषा गाझापासून फार लांब नाही, एवढं लक्षात घ्या.

मातीकाम: किल्लारीत घात केला तो छपराच्या वजनाने आणि भिंती आडव्या पट्ट्याने बांधलेल्या नव्हत्या म्हणून. वास्तुविशारद नादेर खलीलींची पद्धत बघा: पोत्यांत माती, दोन थरांमध्ये काटेरी तार, वर घुमट. जड छप्परच नाही. कॅलिफोर्नियात त्याच्या भूकंप चाचण्या झाल्यात, आणि १९९५मध्ये इराणात इराकी निर्वासितांसाठी असे निवारे उभे राहिले.

सेंट्रिंगवाला: घुमटात किती माणसं मावतील? गाझाच्या ३६५ चौरस किलोमीटरमध्ये २० लाखांवर लोक. बाप तळमजल्यावर, पोराचं लग्न झालं की वर एक मजला, अशी तिथली घरं. मातीवर चढवा बघू पाच मजले!

गच्चीवरून: येमेनमधल्या शिबामला चढवलेत की. सोळाव्या शतकापासून उभे आहेत.

सेंट्रिंगवाला: आणि सतत लिंपत बसावं लागतं. असो. माझा खरा आक्षेप राडारोड्याला आहे. त्यात न फुटलेले बॉम्ब, ॲस्बेस्टॉस आणि अजून न काढलेली माणसं आहेत. नीट निवडून, क्रशरमधून काढलेली खडी रस्त्याला वापरा, भरावाला वापरा. कॉलमला मी तरी वापरणार नाही.

गच्चीवरून: सिमेंट अडवणाऱ्याला विचारायचा प्रश्न तुम्ही बेघराला विचारताय. उद्या ‘मातीत भागतंय ना?’ म्हणून गोण्या कायमच्या अडतील.

मातीकाम: गोण्या मागायच्याच. पण तोवर तंबूत किती हिवाळे काढायचे? बैठी घरं, दवाखाने, शाळा मातीच्या करा. जे थोडं सिमेंट येईल ते मजल्यांना ठेवा.

सेंट्रिंगवाला: बैठ्या घरांना जागा कुठली? आधी ढिगारे हलवा. त्याला डिझेल आणि बुलडोझर लागतात, आणि तेही इस्रायलच्या त्याच फाटकातून येतात.