'प्लास्ट्रॉन'ला मराठीत काय म्हणावं?

मेघना: मुलांसाठीच्या विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. अळूचं पान पाण्यात बुडवून तिरकं पाहिलं की चांदीसारखं चकाकतं. पानावरच्या मेणचट खडबडीत उंचवट्यांमध्ये हवा अडकते, पाणी फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतं. त्या हवेच्या थराला 'प्लास्ट्रॉन' म्हणतात. मी 'हवेचा पापुद्रा' लिहिलं, संपादकांनी 'वायुकवच' केलं. मला ते पटत नाही.

दत्ता_सावंतवाडी: वायुकवच वाचलं की पृथ्वीभोवतीचं वातावरण डोळ्यांसमोर येतं. नको.

शब्दार्थी: पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच छातीवरचं चिलखत. कवच चपखल आहे. पापुद्रा भाकरीचा सुटतो, हवेचा कसा सुटेल?

नीलिमा: 'अस्तर' का नको? कापड आणि अंग यांच्या मधे असतं ते अस्तर. इथे पाणी आणि पान यांच्या मधे हवा. पाण्यात साबण घातला की पान भिजतं आणि चकाकी जाते. म्हणजे हवेचं अस्तरच निघालं.

शब्दार्थी: अस्तर फारसी आहे. संस्कृतात सोय असताना उसनं कशाला?

नीलिमा: शिंप्याकडे जाऊन दुसरा शब्द वापरून बघा. चारशे वर्षांपूर्वीचं उसनं आता घरचंच.

दत्ता_सावंतवाडी: गंमत म्हणजे कमळाच्या पानावरही हेच घडतं. जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांच्या १९९७ च्या निबंधात कमळाबरोबर अळूही आहे. पण गीतेतलं पद्मपत्र अलिप्ततेचं, आणि आपलं 'अळवावरचं पाणी' क्षणभंगुरतेचं. भौतिकी एक, अर्थ दोन! एकाने पान पाहिलं, दुसऱ्याने थेंब.

मेघना: सुरेख. लेखात हे घालायला हवं. पण संपादक 'अळूवरचे पाणी' करतील.

शब्दार्थी: मग बरोबरच आहे. काजूचा, तसा अळूचा.

दत्ता_सावंतवाडी: मुळीच नाही! कुंकू-कुंकवाचं, गळू-गळवाचं, तसं अळू-अळवाचं. आमच्याकडे अळवाचं फदफदंच म्हणतात.

शब्दार्थी: आणि लिंबू? लिंबवाचं लोणचं घालता का?

नीलिमा: लिंबू-लिंबाचं हा वेगळा गट, वासरू-वासराचं सारखा. पुण्यात मात्र 'अळूचं फदफदं' सर्रास ऐकते, म्हणून ते चूक म्हणणार नाही.

दत्ता_सावंतवाडी: ऐकू येतं म्हणून बरोबर, तर मग व्याकरण कशाला?

मेघना: प्लास्ट्रॉनचं काय करू? उद्या लेख द्यायचाय.