कॉर्डलेसवर नंबर उमटत नाही, मदत हवी आहे (वडोदरा)

मंडळी, दांडिया बाजारातलं जुनं घर, दीड फुटी भिंती. तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं, तेव्हापासून कॉर्डलेसवर घंटा वाजते, आवाज स्वच्छ येतो, पण समोरच्याचा नंबर काही दिसत नाही.

बेसची (हँडसेट ज्याच्याशी जोडलेला असतो त्या मुख्य युनिटची) वायर थेट मोडेमच्या फोन पोर्टात आहे, जुना स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) काढलाय. फोन ठेवलेला असताना लाइनवर ४७ व्होल्ट, उचलल्यावर ८. म्हणजे लाइन ठीक. डायलिंग पल्सवर नाही, टोनवर ठेवलंय. त्याच पोर्टाला साधा कॉलर आयडीचा फोन लावला की नंबर येतो! मोडेम एफएसके या पद्धतीने, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या घंटेच्या मधे नंबर पाठवत असावा, आणि बेस डीटीएमएफवर (बटणांच्या टोनने नंबर पाठवायची दुसरी पद्धत) अडकलेला, असा संशय आहे. तिसऱ्या घंटेपर्यंत थांबूनही पाहिलं. बेसच्या मेनूत ही निवड सापडत नाही. ती हँडसेटवरून एखादा कोड दाबून बदलते का? की मोडेमच्या सेटिंगमध्येच बदलून घ्यावी लागेल?

दुसरं, माडीवरचा हँडसेट सारखा बेस शोधत बसतो. बेसचं बटण पाच सेकंद दाबून, पिन ०००० देऊन पुन्हा जोडला. बेसजवळ उत्तम चालतो, जिना चढला की गेला. बॅटऱ्या नव्या आहेत, १.२ व्होल्टच्या दोन निकेल-मेटल हायड्राइड, सोळा तास चार्ज केलेल्या. (साधे पेन्सिल सेल कृपया सुचवू नका, चार्जिंगला लावले की गळतात.) बेस वायफायपासून मीटरभर लांबही केलाय. दुसऱ्या कंपनीचा डेक्ट रिपीटर (कॉर्डलेसचा सिग्नल लांबवर पोचवणारं यंत्र) कुणी लावलाय का? बेसचं मॉडेल आणि मेनूचे फोटो खाली टाकतो.