आजीची शेती कुठल्या कागदावर नाही

आजीचे सारे आयुष्य चुलीपाशी आणि नातवंडांत गेले, म्हणून तिच्याविषयी मायेपलीकडे फारसे काही सांगता येत नाही, असे एकांनी लिहिले आहे. मायेबद्दल दुमत नाही. पण विदर्भातील कापूस पिकवणाऱ्या घरांपुरते तरी हे चित्र अपुरे आहे, असे मला मनापासून वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आजी सीतादहीचा दहीभाताचा नैवेद्य शेतात दाखवून वेचणीला आरंभ करीत असे, आणि पुढे कित्येक आठवडे तान्ह्या लेकराला धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडाला बांधलेल्या झोळीत निजवून, कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचीत असे. (ती झोळीतली लेकरे म्हणजे माझे वडील आणि आत्या.) कपाशीत तुरीची तासे (ओळी) किती ठेवायची, कडेला अंबाडी आणि चवळी कुठे टाकायची, हे तीच ठरवी, पुढच्या वर्षीचे बियाणे राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांत तीच राखी.

मात्र १९७० च्या दशकात सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत, म्हणजे कापूस सरकारलाच विकायच्या व्यवस्थेत, आमच्या कापसाचा चुकारा (विक्रीचे पैसे) आजोबांच्याच नावे निघे, कारण सातबारावर नाव त्यांचे होते. त्यामुळे तिने वेचलेल्या कापसाच्या एकाही पावतीवर तिचे नाव सापडत नाही. आजोबांच्या पश्चात वारस म्हणून तिचे नाव सातबारावर चढले, तेव्हा तिची वेचणी केव्हाच थांबली होती. आपल्या आजीने कोणते वाण राखले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आपण अवश्य लिहावे.