रत्नागिरीत आठवीसाठी शाळा: सगळ्यांचाच निकाल 98-100, मग बघायचं काय?

ठाणेकर_बाबा: जूनमध्ये बदली होऊन रत्नागिरीला येतोय, मुलगी आठवीत जाईल, सेमी, आणि अनुदानित शाळाच हवीय. फाटक, पटवर्धन, शिर्के एवढी नावं कानावर आलीत. ऑफिसातल्या एकाने दहावीच्या निकालाची कात्रणं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, त्यात एक शाळा 100, एक 99 पॉइंट काहीतरी, एक 98. आता ह्यातून निवडायचं कसं? कोणाची मुलं आहेत का तिथे?

निवृत्त_मास्तर: टक्केवारीवर जाऊ नका हो. अख्खं कोकण मंडळच 2024 ला 99.01 आणि 2025 ला 98.82, त्या 2025 ला राज्य 94.10 होतं. म्हणजे इथली 98 वाली शाळा फारशी भारी नाही आणि वाईटपण नाही. मी होतो त्या खेडेगावातल्या हायस्कुलात दहावीला 22 पोरं, एक गचकला की निकाल धाडकन 95 वर, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात लोक विचारणार काय गुरुजी यंदा काय झालं. आणि 2019 आठवतंय ना? तोंडीचे मार्क काढले तर राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 वर आला, पुढच्या वर्षी मार्क परत आले आणि निकाल 95.30. पोरं तीच, मास्तर तेच.

दोन_पोरांची_आई: निकाल किती ह्यापेक्षा दहावीला बसवली किती ते विचारा. माझा भाचा नववीत गणितात गटांगळ्या खात होता, तर मुख्याध्यापकांनी बहिणीला बोलावून, चहा पाजून सांगितलं, ताई, 17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा, त्याच्याच भल्याचं आहे. त्या वर्षी गेटवर 100 टक्के निकालाचा हा भलामोठा फ्लेक्स!! पोरगा बाहेरून बसला आणि 58 टक्के घेऊन सुटला, म्हणजे शाळेतून बसला असता तरी निकाल 100 च राहिला असता. (शाळा रत्नागिरीतली नाही, नाव घेत नाही.)

कुवारबावकर: ताईंना +1. मी तर 75 च्या वर किती आणि काठावर 35-40 ला किती एवढंच विचारतो, नुसतं 'पास' ह्यात दोघंही बसतात. एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला आठवीतली किती मुलं लागली तेही विचारा, फक्त त्याला उत्पन्नाची अट असते म्हणून सगळी हुशार पोरं त्यात दिसत नाहीत. आणि प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. परीक्षानळ्यांवर धूळ असली तर काय ते समजून जा.

चाकरमानी_82: एवढी चौकशी करून शेवटी घराजवळचीच घ्याल बघा. पावसात दप्तर सांभाळत लांब जाणं मुलीला जमेल का ते आधी बघा, आमच्या वेळी निम्मी पुस्तकं जुलैतच फुगायची.

ठाणेकर_बाबा: सगळ्यांचे आभार. काल सुट्टी टाकून एका शाळेत जाऊन आलो (कुठली ते नाही सांगत). निकाल विचारला तर क्लार्कनी पटकन लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. मग विचारलं, दोन वर्षांपूर्वी आठवीत किती होती आणि दहावीला किती बसली? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "साहेब, बदल्या होतात हो पालकांच्या." उद्या दुसरी शाळा बघतो.