मेक्सिकन जेवण आणि टकीला बार : तुमचे अनुभव लिहा

ओलीसांज

काल नव्याने उघडलेल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. दार ढकललं आणि भाजलेल्या मक्याचा वास आला. मी तिथेच थांबले, मागचे लोक अडकले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मेक्सिकोत ग्वादालाहाराला राहायचो. खालच्या मजल्यावरच्या आजी घरीच टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, करायच्या. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच झाकून ठेवायच्या, सकाळी चोळून चोळून सालं काढायच्या, मग दळण. गोळा बोटाने दाबून बघायच्या, कडेला भेग पडली की पाण्याचा हबका. तव्यावर दुसऱ्यांदा उलटली की टॉर्टिया टम्म फुगायची आणि आजी माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना नाही. तरी दुपारचा तो वेळ आमच्या दोघींचा ठरलेला असायचा.

कालच्या ठिकाणीही एक बाई उघड्या स्वयंपाकघरात टॉर्टिया दाबून तव्यावर टाकत होती. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून दुमडलेली टॉर्टिया) घेतली, ग्वाकामोले, म्हणजे अ‍ॅवोकाडोची जाडसर चटणी, टेबलापाशी येऊन काळ्या दगडी खलात समोर कुटून दिलं, आणि नवऱ्याने काळं मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) घातलेलं चिकन घेतलं. बारवाल्याने ब्लांको (न मुरवलेली), रेपोसादो (लाकडी पिंपात थोडी मुरवलेली) आणि अन्येहो (जास्त मुरवलेली) अशा तीन टकीला छोट्या ग्लासांतून लाकडी फळीवर मांडून दिल्या आणि म्हणाला, ब्लांकोपासून सुरू करा, घाई करू नका. मला ते फार आवडलं. चांगली टकीला घोट घोट प्यायची वस्तू आहे आणि मेक्सिकन जेवण निवांत बसून खायचं, हे सांगणारा माणूस बारमागे उभा असेल तर अर्धी लढाई जिंकली.

तर लिहा सगळ्यांनी. तिथे जाऊन खाल्लेलं, इथे खाल्लेलं, जमलेलं, फसलेलं, सगळं चालेल.

चकोर_म

बाटलीवर शंभर टक्के अगावे, म्हणजे टकीला जिच्यापासून गाळतात ती वनस्पती, असं लिहिलं होतं का? मी सगळ्यात आधी तेच बघतो. नुसतंच टकीला लिहिलेलं असेल तर ती मिक्स्तो, म्हणजे निदान ५१ टक्के साखर अगावेची आणि बाकीची दुसरी कसली तरी, बहुतेक उसाची. जाहिरात कितीही झकास असो.

ओलीसांज

हो, तिन्ही शंभर टक्के. बारवाल्याने बाटल्या आणून लेबलं दाखवली. नोम (मेक्सिकोचं सरकारी मानक) आणि पुढे चार आकडे, तेही दाखवले. त्या आकड्यांवरून कुठल्या कारखान्यात गाळली ते कळतं म्हणे.

चकोर_म

बरोबर. एकाच नंबरखाली कितीतरी ब्रँड निघतात, म्हणून मी ब्रँडपेक्षा नंबर लक्षात ठेवतो. मीटिंग सुरू झाली, नंतर येतो.

मधलीसुट्टी

भोपळ्याच्या फुलांची केसादिया!!! कुठे आहे हे ठिकाण, विपू (विचारपूस) करा प्लीज. पार्किंग आहे का?

पिंपळपान

टकीला गावाला गेलो होतो तेव्हाचं लिहितो. हालिस्को राज्यात, ग्वादालाहाराहून तासा-दीड तासावर. बस वळणं घेत जाते आणि दोन्ही बाजूंना निळसर रंगाची शेतंच शेतं. घायपातीच्या कुळातलीच ही निळी अगावे, पण त्या उतारावर ती अशी ओळीने उभी दिसते की फोटो काढायचं सुचत नाही. हा सगळा परिसर आणि तिथले जुने कारखाने २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

शेतात एक हिमादोर, म्हणजे अगावे काढणारा कामगार, काम करत होता. हातात लांब दांड्याचं, गोल पात्याचं हत्यार, त्याला कोआ म्हणतात. पायाने गड्डा धरायचा आणि कोआच्या एकेका घावात एकेक पान उडवायचं. कोआची धार त्याच्या बुटापासून बोटभर अंतरावरून जात होती आणि तो शेजारच्याशी गप्पा मारत होता. सगळी पानं छाटली की उरतो तो अननसासारखा दिसणारा भला मोठा गड्डा, दोघांनी उचलावा असा. तो तयार व्हायला सहा-सात वर्षं तरी जातात आणि एकदा काढला की ते झाड संपलं. हे बघितल्यावर ग्लासात पडलेल्या थेंबाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

भट्टीतून काढलेला शिजलेला तुकडा खायला दिला त्यांनी. गोड, चिकट, दोऱ्या दोऱ्यांचा. चघळायचा आणि चोथा टाकून द्यायचा. ती चव अजून जिभेवर आहे. चांगल्या रेपोसादोच्या तळाशी तीच सापडते.

रमा_मावशी

मी दारू घेत नाही आणि शाकाहारी आहे, तरी मेक्सिकन जेवण माझं सगळ्यात लाडकं, म्हणून लिहिते. जास्वंदीच्या जातीतल्या फुलांचं थंडगार लाल पेय मागवा, आग्वा दे हामाइका. आंबट, तुरट, फार छान. तांदूळ आणि दालचिनीची ओर्चाता पण.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचारल्याशिवाय खाऊ नका. घोटलेल्या बीन्समध्ये पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात आणि लाल भात पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. वाढणाऱ्याला नेहमी माहीत असतं असं नाही, सरळ आतून विचारून यायला सांगायचं. एका ठिकाणी मुलगा "नाही नाही, शुद्ध शाकाहारी" म्हणाला. मी परत पाठवला, तर आतून आचारी स्वतः बाहेर येऊन म्हणाला, बीन्स घेऊ नका, आणि माझ्यासाठी निवडुंगाची भाजी करून दिली. नोपालेस. काटे काढून तव्यावर भाजलेलं, वर लिंबू. त्या आचाऱ्याला माझा आशीर्वाद आहे.

मधलीसुट्टी

मावशी, निवडुंग बुळबुळीत लागतो का?

रमा_मावशी

उकडला तर थोडा. नीट भाजला की नाही लागत. आचेवर सोडून दे, हलवू नको.

टपोरेडोळे

आमचा चिरंजीवांचा किस्सा. टेबलावर तीन सालसा, म्हणजे चटण्या. हिरवा खाल्ला, लाल खाल्ला, मोठ्ठा शूर. तिसरा केशरी रंगाचा, दिसायला एकदम गोजिरवाणा. वाढणाऱ्या ताई धावत येईपर्यंत अख्खा चमचा तोंडात. हाबानेरो मिरचीचा! डोळ्यांतून धारा, कान लाल. पाणी प्यायला लागला तर ताईंनी ग्लास काढूनच घेतला आणि आंबट क्रीमची वाटी हातात दिली. पाण्याने तिखट पसरतं, दुधातलं केसिन हे प्रथिन ते धरून ठेवतं. पाच मिनिटांत पठ्ठ्या शांत. आणि मग म्हणतो कसा, "आई, आता थोडासाच घेऊ?"

चकोर_म

शाब्बास! तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर हालापेन्यो मिरची २,५०० ते ८,०००, हाबानेरो लाखाच्या पुढे. त्याला माझ्याकडून सलाम सांगा.

निशिगंधा७

मला मेक्सिकन आवडत नाही. सगळ्यावर कोथिंबीर आणि मला कोथिंबीर साबणासारखी लागते. घरातले सगळे नखरे म्हणतात.

डॉ_पारवा

नखरे नाहीत. वासाच्या एका जनुकातल्या फरकामुळे काही लोकांना कोथिंबिरीतली अल्डिहाइडं जास्त जाणवतात आणि तीच साबणाच्या वासाशी जुळतात. घरच्यांना हे दाखवा. कोथिंबीर वेगळी द्या म्हणून सांगितलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात, कारण टाकोवर (सारण घालून दुमडलेल्या टॉर्टियावर) ती शेवटीच भुरभुरतात.

निशिगंधा७

थँक्यू डॉक्टर, स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. आता बोला म्हणावं.

साखरझोप

अय्या मलापण साबण!! मला वाटायचं जगात मी एकटीच.

उत्तरवारा

आम्ही मॉन्तेरेला असायचो, उत्तरेकडे. तिकडे गव्हाच्या टॉर्टिया जास्त, मोठ्या आणि मऊ, आणि गाईचं मांस निखाऱ्यावर भाजलेलं. दक्षिणेत गेलं की मका, मोले, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे तामाले. त्यामुळे कुणी "अस्सल मेक्सिकन" म्हणालं की मी विचारतो, कुठलं? मेनूवर ओआहाका, युकातान, पुएब्ला असं काही लिहिलं असेल तर त्या जागेवर माझा विश्वास बसतो.

टकीलाबद्दल एकच. मीठ, लिंबू आणि एका दमात ग्लास खाली, हे तिथल्या घरी बघितलं नाही. तिकडे सासरेबुवांच्या वयाची माणसं उंच निमुळत्या ग्लासात टकीला घेत आणि शेजारी दुसऱ्या ग्लासात सांग्रिता, संत्र्या-लिंबाचा रस आणि मिरची. एक घोट याचा, एक घोट त्याचा. जेवणाआधी तासभर चालायचं. एक ग्लास, फार तर दोन.

ओलीसांज

अगदी! आजींचे यजमान असंच घ्यायचे, रविवारी, अंगणात. तुम्ही लिहिलंत आणि डोळ्यांसमोर आले.

कंदीलपुष्प

मूळ विषय टकीला आहे, पण मी मेझकालबद्दल लिहिते, तीही अगावेचीच दारू. बाबांना फिरायची फार हौस. ओआहाकाला आम्ही दोघंच गेलो होतो, आईच्या गुडघ्यामुळे ती आली नाही. बाजारामागच्या एका छोट्या जागी मेझकाल मागवली. अगावे जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजतात, त्याचा धूर चवीत उतरतो. सोबत संत्र्याच्या चकत्या आणि लालसर मीठ. ते मीठ अगावेवरच्या अळ्या वाळवून मिरचीबरोबर कुटून केलेलं असतं, हे बाबांना खाऊन झाल्यावर सांगितलं मी. त्यांनी दुसरी चकती उचलली, आणखी मीठ लावलं आणि म्हणाले, मग आधी का नाही सांगितलंस, जास्त घेतलं असतं.

बाबा गेल्या वर्षी गेले. परवा एका नवीन बारमध्ये मेनूवर तेच मीठ आणि संत्रं दिसलं. मागवलं. भाऊ आणि मी दोघांनी मिळून संपवलं.

रमा_मावशी

किती छान बाबा होते गं तुझे. जप स्वतःला.

पिंपळपान

कंदीलपुष्प, _/\_

साखरझोप

बाबांचं वाक्य वाचून हसले आणि मग भरून आलं. टकीलाच्या बाटलीत पण अळी असते ना?

चकोर_म

नाही. अळी काही मेझकालच्या बाटल्यांत टाकतात, टकीलात नाही. टकीलात अगावे असते ती फक्त निळी, आणि तीही हालिस्को राज्य व इतर चार राज्यांतले ठरावीक भाग इथलीच. १९७४ पासून नावाला संरक्षण आहे. मेझकाल बऱ्याच जातींच्या अगावेपासून करतात.

कडकलक्ष्मी

आमचा अनुभव वाईट, तोही लिहायलाच हवा. वाढदिवसाला गेलो, जागा झगमगीत, भिंतीवर कवट्या, गाणी इतकी मोठ्याने की समोरच्याचं ऐकू येईना. टाको आले ते पाकिटातल्या कडक वाट्यांसारख्या टॉर्टियात, चीज थंड होऊन घट्ट झालेलं. न मागता सगळ्यांसमोर शॉट्स आणून ठेवले, नाही म्हटलं तरी "घ्या हो, मजा करा". माझा दीर औषधं घेतो, त्याला घ्यायची नाहीये हे दोनदा सांगावं लागलं. बिलात ते शॉट्स होतेच. मॅनेजरला बोलावून काढायला लावले. नको म्हटलेल्याला आग्रह करणं हा पाहुणचार नाही.

उत्तरवारा

बरं केलंत.

टपोरेडोळे

+१००. आणि कडक टाको बघितले की मी सूप घेऊन उठते.

भटकभवानी

मेक्सिको सिटीत रात्री अकरा वाजता टाको आल पास्तोर. उभ्या सळीवर मसाल्यात मुरवलेले मांसाचे थर, वर अननस. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी शवर्मा तिकडे नेला, त्याचा हा मेक्सिकन अवतार. टाकोवाला एका हाताने मांस कापतो, ते थेट टॉर्टियात पडतं, मग सुरीचं टोक अननसाला लावतो आणि फोड हवेतून येऊन टाकोवर बसते. एकही फोड खाली पडली नाही. आम्ही जेवायचं सोडून तेच बघत उभे. बाळ उठलं, बाकी नंतर.

डॉ_पारवा

ओलीसांजनी लिहिलेल्या चुन्याच्या पाण्याबद्दल. त्यामुळे मक्यातलं नियासिन (एक ब जीवनसत्त्व) शरीराला मिळतं. युरोपात मका गेला पण ही पद्धत गेली नाही, आणि जिथे गरीब लोक फक्त मक्यावर जगत होते तिथे पेलाग्राने, म्हणजे नियासिनच्या अभावाच्या आजाराने, माणसं आजारी पडली. मेक्सिकोतल्या बायकांनी हे हजारो वर्षं सांभाळलंय. पिठाची पाकिटं आणतानाही चुना लावलेल्या मक्याचं पीठ आहे ना ते बघा, साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया नीट वळत नाही.

मधलीसुट्टी

आईला गहू चालत नाही. मक्याची टॉर्टिया बिनधास्त?

डॉ_पारवा

नुसत्या मक्याची असेल तर हो. पण काही ठिकाणी गव्हाचं पीठ मिसळतात आणि चिप्स तळायची कढई एकच असते. दोन्ही विचारा.

साखरझोप

ग्वाकामोले घरी केलं की तासाभरात काळं पडतं. बी आत ठेवायची म्हणतात, काही उपयोग झाला नाही.

ओलीसांज

बी फक्त स्वतःखालचा भाग झाकते. काळं पडतं ते हवेने. लिंबू पिळ आणि पातळ प्लास्टिक थेट ग्वाकामोलेवर चिकटवून लाव, मध्ये हवा राहू देऊ नको. आणि मिक्सर नको, आधी कांदा, मिरची, मीठ खलात कुटून घे, मग अ‍ॅवोकाडो घालून जाडसर मोड.

साखरझोप

आजच केलं असतं पण अ‍ॅवोकाडो दगड आहेत.

रमा_मावशी

कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेव, तोंड दुमडून. दोन दिवसांत होतील.