मदत हवी आहे: ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांतील भेद मराठीत कसा राखावा?

नमस्कार.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी टिपणाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. विषय साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा असून त्यात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द वारंवार येतो. ‘अनइंटरेस्टेड’शी त्याची गल्लत होणार नाही असा प्रतिशब्द मला हवा आहे.

आधी माझी समजूत मांडते. ‘इंटरेस्ट’चे रस, हितसंबंध आणि व्याज असे निरनिराळे अर्थ आहेत. त्यांपैकी रसाचा अभाव ‘अनइंटरेस्टेड’ने सांगितला जातो आणि हितसंबंधाचा अभाव ‘डिसइंटरेस्टेड’ने. १९८६ साली लाहोरला झालेल्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले, कारण त्या दोन संघांपैकी कोणाच्याही जयपराजयात त्यांचे काही गुंतलेले नव्हते. ते ‘डिसइंटरेस्टेड’ होते. ‘अनइंटरेस्टेड’ पंच मात्र कोणत्याच संघाला चालणार नाही.

अडचण अशी की खुद्द इंग्रजीतही ही सीमारेषा पक्की नाही. सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थाने आणि ‘अनइंटरेस्टेड’ हा ‘निःपक्षपाती’ या अर्थाने वापरलेला आढळतो, आणि आजच्या लेखनातही पहिला शब्द पुष्कळदा ‘रस नसलेला’ याच अर्थाने येतो. माझा आडाखा असा आहे की शब्दापाठोपाठ ‘इन’ आले तर बहुधा रसाचा अभाव समजावा आणि साक्षीदार, सल्ला, पंच अशा नामाआधी तो थेट आला तर हितसंबंधाचा. हा आडाखा कितपत विसंबण्याजोगा आहे?

खरी अडचण प्रतिशब्दाची आहे. ‘त्रयस्थ’ हा पहिल्यांदा सुचणारा शब्द, पण आपल्या न्यायनिर्णयांपुढे तो टिकत नाही. १९५३ च्या दलीप सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जवळचा नातलग खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध माणसाला गोवण्याची शक्यता सहसा नसते. पुढे १९८१ च्या राजस्थान राज्य विरुद्ध कल्की या निर्णयात न्यायालयाने याहून नेमकी भूमिका घेतली: ‘नातेवाईक’ साक्षीदार आणि ‘इंटरेस्टेड’ साक्षीदार हे एक नव्हेत, आणि खटल्याच्या निकालातून किंवा आरोपीला शिक्षा होण्यातून ज्याचा काही लाभ होतो, त्यालाच ‘इंटरेस्टेड’ म्हणता येते. त्या खटल्यातील साक्षीदार मृताची पत्नी होती. तिला ‘त्रयस्थ’ म्हणणे मराठीत केवळ अशक्य आहे, तरीही कायद्याच्या दृष्टीने ती ‘इंटरेस्टेड’ नव्हती. सगळा भर निकालातील लाभावर आहे, नात्यावर किंवा वृत्तीवर नाही, आणि तो भर अनुवादात हरवला तर विद्यार्थी चुकीचे तत्त्व शिकतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

‘तटस्थ’ म्हटले की बाजू न घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, पण साक्षीदाराला मत असू शकते. ‘निःस्वार्थ’मध्ये सद्गुणाची प्रशंसा मिसळते. ‘उदासीन’चा मूळ अर्थ बाजूला बसलेला, म्हणून अलिप्त, असा आहे आणि गीतेच्या बाराव्या अध्यायातील ‘उदासीनो गतव्यथः’ या चरणात तो याच अर्थाने येतो. परंतु आजच्या वाचकाला त्यातून अनास्था किंवा खिन्नताच जाणवेल, म्हणून तो फार तर ‘अनइंटरेस्टेड’साठी ठेवावा असे मला वाटते. ‘हितसंबंधी’ला नुसता ‘अ’ जोडावा, तर ‘अहितसंबंधी’ हा शब्द अहिताशी संबंधित असा वाचला जाण्याचा धोका आहे.

सध्या मी ‘हितसंबंध नसलेला साक्षीदार’ असे लिहिते आहे. अर्थ बरोबर आहे, पण एकाच परिच्छेदात तीन-चार वेळा आल्यावर वाक्य जड होते, आणि ‘हितसंबंध’ या शब्दात नात्याचाही भास होतो तो वेगळाच. ‘निकालात लाभ नसलेला’ हे अधिक काटेकोर ठरेल का? जिल्हा किंवा तालुका न्यायालयांत मराठीतून काम करणाऱ्या वकील मंडळींनी, उलटतपासणीत आणि निकालपत्रांत यासाठी कोणता शब्द रूढ आहे, हे कृपया उदाहरणासह कळवावे.